गाडीला काय द्यायचं, काय नाही

घंटागाडीचा भोंगा गल्लीच्या तोंडाशी वाजला की घराघरांत एकच धांदल उडते. रात्रीचं उरलेलं वरण, चहाचा चोथा, दुधाच्या पिशव्या, लेकराचं डायपर, परवा फुटलेला बल्ब, सगळं एका कॅरीबॅगमध्ये कोंबायचं, गाठ मारायची आणि गाडीत भिरकावायचं. त्या गाठीचं पुढं काय होतं ते गावाबाहेर गेल्यावर दिसतं. भुकेली गाय पिशवी फाडते, नाहीतर पिशवीसकट गिळते. उरलेलं ढिगाखाली दडपून कुजतं, त्यातून मिथेन वायू निघतो, आणि शेजारी कागद, चिंध्या, प्लास्टिक वाळून बसलेलंच असतं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार कचरा डेपोला लागलेल्या आगीचा धूर थेट उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला होता.

लातूर जिल्ह्यातल्या जळकोटसारख्या नगरपंचायतीच्या गावाला असा ढीग परवडणारा नाही. तो होऊ न देणंही या गावाच्या आवाक्यातलं आहे, कारण मोठ्या शहरांकडे नसलेली एक गोष्ट इथं अजून शिल्लक आहे: परसदार, गोठा आणि वेशीलगतचं शेत. म्हणून मुद्दा थोडा वेगळा मांडायला हवा. ओला कचरा कोणत्या डब्यात भरून गाडीला द्यायचा, हा पुण्यामुंबईचा प्रश्न झाला. जळकोटात तो शक्य तितक्या घरांतून गाडीत चढूच नये.

कायदा काय म्हणतो, ते एवढ्यासाठी पाहायचं की तो मागं पडलेला नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातच तीन भाग करायला सांगितलं होतं: कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक. २०२६ च्या नव्या नियमांनी त्यांचे चार केले: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. मागं पडली आहे ती सवय. आणि तिला एकटे नागरिक जबाबदार नाहीत. बाईनं दोन डबे वेगळे ठेवून आणावेत आणि गाडीवाल्यानं तिच्यादेखत दोन्ही एकाच हौद्यात पालथे करावेत, असं एकदा घडलं की दुसऱ्या दिवशी त्या घरात एकच डबा उरतो. हौद्यात आडवी फळी नसेल, तर जनजागृतीच्या फलकांवरचा खर्च पाण्यात गेला म्हणायचा.

हे जमतं की नाही, याचं उत्तर महाराष्ट्रातच मिळतं. सिंधुदुर्गातलं वेंगुर्ला हे बारा-साडेबारा हजार वस्तीचं गाव. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथं घरातूनच कचरा वेगळा होऊन येऊ लागला. डेपोवर त्याचे वीसहून अधिक प्रकार निवडले जाऊ लागले, ओल्यापासून बायोगॅस झाला, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात गेला. नाक धरून ज्या जागेजवळून जायचं, ती पाहायला लोक येऊ लागले. वेंगुर्ल्याकडे समुद्र आहे, पर्यटक आहेत, हे खरं. पण वेगळं करण्यासाठी समुद्र लागत नाही. लागते ती रोज ठरल्या वेळेला येणारी आणि मिसळलेला डबा परत करणारी गाडी.

आता डब्याकडं येऊ. उन्हाळ्यात मराठवाड्यात पिण्याच्या पाण्याची मारामार असते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तेव्हा ‘डबा रोज धुवा’ हा उपदेश इथं चालायचा नाही. ओल्याच्या डब्यात तळाला जुनं वर्तमानपत्र घालावं, वर मूठभर सोयाबीनचं भुसकट पसरावं. भाजीचं पाणी आणि चहाचा चोथा आधी चाळणीत निथळू द्यावा. दर थरावर पुन्हा भुसकट. ते ओल शोषून घेतं, वास दबतो, चिलटं कमी होतात. कॅरीबॅगचं अस्तर मात्र अजिबात नको. हाच डबा नंतर परसातल्या खड्ड्यात रिकामा करायचा, वर माती ओढायची. म्हशीला चालेल ते म्हशीला. आजीच्या काळात उकिरडा हेच करत होता. फरक इतकाच की त्या उकिरड्यात प्लास्टिक नव्हतं.

सुक्याच्या डब्याची एकच अट, तो खरोखर सुका हवा. दुधाची पिशवी भांडी विसळलेल्या पाण्यातच खंगाळून दोरीवर वाळत टाकावी. ती कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, लटकता ठेवावा; तो इवला तुकडा कुणी वेचत नाही, नालीत जातो. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीमागं ५० पैसे परत देण्याची तरतूद होती. ती कागदावरच विरली. तरी स्वच्छ, कोरड्या मालाला भंगारवाला आजही नाही म्हणत नाही. सुका कचरा आठवड्यातून दोनदा उचलला तरी पुरे, आणि वाचलेल्या फेऱ्यांचं डिझेल नगरपंचायतीच्याच खिशात राहील.

अर्थात, सगळ्यांना परसदार नाही. नव्या प्लॉटिंगमधली घरं, भाड्याच्या खोल्या, हॉटेलं, मंगल कार्यालयं यांचा ओला कचरा गाडीलाच जाणार. त्यांच्यासाठी वॉर्डात एखादा खताचा हौद लागेल, आणि लग्नसराईत पंगतीचं खरकटं उचलायला वेगळी फेरी. कार्यालयवाल्यांकडून तिचे पैसे घ्यायला संकोच कशाला?

राहता राहिलं डायपर आणि पॅड. इथं भुसकट चालत नाही आणि भंगारवालाही हात लावत नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेनं कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची रीत रुजवायचा प्रयत्न केला, तो आत काय आहे हे उचलणाऱ्याला उघडण्याआधी कळावं म्हणून. जळकोटात ते उद्यापासून करता येईल. फुटलेली काच, ब्लेड, इंजेक्शनची सुई यांनाही पुठ्ठ्याचा वेगळा खोका हवा. हातमोज्याशिवाय कचरा निवडणाऱ्याच्या बोटाला त्याची किंमत माहीत असते. पण हे गुंडाळलेलं पुढं जाळायचं कुठं? एकट्या लहान नगरपंचायतीला भट्टी झेपणार नाही. उदगीर, अहमदपूर आणि जळकोट यांनी मिळून एकच भट्टी उभारावी, हा प्रस्ताव जिल्हा प्रशासनासमोर ठेवायला जळकोटनंच पुढाकार घ्यायला हरकत नाही.