आमचं उत्तर ‘इतर’मध्ये टाकू नका

प्रति,
मुख्य निवडणूक आयुक्त, भारत निवडणूक आयोग
आणि निवडणुकीच्या काळात मतदारांचा कौल घेणाऱ्या सर्व संस्थांचे संचालक



मी साखरखेर्ड्याची. तालुका सिंदखेडराजा, जिल्हा बुलढाणा. २०२४ च्या एप्रिलमध्ये लोकसभेच्या प्रचाराचे भोंगे गावोगाव फिरत होते, तेव्हा मी अकरा दिवस आमच्याच भागात फिरून लोकांना विचारत होते की मत कोणाला देणार. हातात कंपनीचा टॅब होता. गळ्यात ओळखपत्र नव्हतं, कारण ज्या संस्थेनं मला कामाला लावलं तिनं ते दिलंच नाही. दिवसाला तीस फॉर्म भरायचे आणि फॉर्मप्रमाणे पैसे घ्यायचे, एवढंच मला सांगितलं होतं. त्या अकरा दिवसांत जे पाहिलं ते मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

पहिल्याच दिवशी एका ओसरीत एक आजी तूर पाखडत बसली होती. मी नमस्कार केला, बसले, टॅब उघडला. तिनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, “कोणत्या पार्टीची व्हय तू?” म्हटलं, पार्टीची नाही, सर्व्हेची. “सर्व्हे कोणाचा व्हय मंग?” याचं उत्तर मला येत नव्हतं. सर्व्हेचे पैसे कोण देतं, आकडे कुठं जातात, ते कोण वाचतं, यातलं काहीही मला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, कंपनीचा. आजी टॅबकडे बोट दाखवून म्हणाली, “याच्यात माहा आवाज भरते का?” भरत होता. मी खरंच फॉर्म भरला की नाही हे तपासायला संस्था प्रत्येक मुलाखतीचा आवाज नोंदवत होती. मी हो म्हणाले. आजीनं पुन्हा सूप उचललं. त्यानंतर तिनं प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलं, “तुले जे लिहायचं ते लिही, माय.”

साहेब, हे अडाणीपण नाही. ही आजी पन्नास वर्षांहून अधिक काळ मतदान करते आहे. गावात कोणाला काय कळलं की पुढे काय होतं, हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आयोगाला हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते. मतदान गुप्त असतं, पण निकाल बूथवार जाहीर होतो. साताठशे-हजार मतदारांचा एक बूथ, म्हणजे आमच्याकडे एक आळी, एक वस्ती किंवा एक वाडी. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पारावर कागद येतो आणि कोणत्या वस्तीनं कोणाला किती मतं दिली ते पोरंसुद्धा वाचून दाखवतात. मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या पेट्यांमधल्या मतपत्रिका एकमेकींत मिसळण्याची नियमात सोय होती. यंत्र आलं आणि ती सोय गेली. आयोगानंच २००८ मध्ये टोटलायझरचा प्रस्ताव मांडला, म्हणजे अनेक बूथांची मतं एकत्र करून मोजायची. विधी आयोगानं २०१५ च्या २५५व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात विरोध केला आणि विषय तिथंच थांबला. २०१९ च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशात एका केंद्रीय मंत्र्यांनी भर सभेत सांगितलं होतं की जितकी मतं मिळतील त्याप्रमाणे गावांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करू आणि कामं त्या क्रमानं होतील. निवडणूक आयोगानं तेव्हा त्यांना समज दिली. पण जे त्यांनी माईकवरून सांगितलं, ते आमच्याकडे माईकशिवाय सगळ्यांना ठाऊक असतं. डांबर कोणत्या आळीपर्यंत आलं आणि कोणत्या वळणावर थांबलं ते बघितलं की कळतं.

अशा गावात एक अनोळखी पोरगी यंत्र घेऊन येते, आवाज भरून घेते आणि मत कोणाला म्हणून विचारते. तिला खरं उत्तर का मिळावं?

आणि त्या एप्रिलमध्ये ‘सर्व्हे’ करणारी मी एकटी नव्हते. मी एका आळीतून निघाले की दुसरं कोणीतरी फॉर्म घेऊन शिरायचं. ते नाव, मोबाइल, मतदार ओळखपत्राचा क्रमांक लिहून घ्यायचे आणि सांगायचे, निवडून आलो की खात्यावर पैसे येतील, आत्ता नाव नोंदवा. तेही स्वतःला सर्व्हेवालेच म्हणवायचे. एका बाईनं मला दार उघडल्या उघडल्या आधार कार्ड आणून दाखवलं. मी म्हटलं, ताई, हे नको, मला फक्त तुमचं मत विचारायचंय. ती म्हणाली, “कागद नाई पाहिजे तं मंग सर्व्हे काहून?”

निवडणूक आयोगानं या प्रकाराची दखल घेतली, हे मी मान्य करते. सर्वेक्षणाच्या नावाखाली मतदारांची भावी योजनांसाठी नोंदणी करणं ताबडतोब थांबवा, हा लाच देण्याचाच प्रकार ठरू शकतो, अशी ताकीद आयोगानं सर्व पक्षांना दिली. ती तारीख होती २ मे २०२४. बुलढाण्याचं मतदान २६ एप्रिलला झालं होतं. सहा दिवस आधी आमच्या बोटाला शाई लागली होती.

आता संस्थांच्या संचालकांशी बोलते.

तुमचं काम मोलाचं आहे असं मी मानते, नाहीतर हे पत्र लिहिलं नसतं. आपल्या देशात हे काम जुनं आहे. एरिक द कोस्टा यांच्या संस्थेनं १९५७ च्या निवडणुकीतच मतदारांचा कौल घेतला होता. १९६३ मध्ये रजनी कोठारींनी दिल्लीत सीएसडीएस ही संशोधन संस्था उभी केली आणि १९६७ च्या निवडणुकीपासून तिथल्या अभ्यासकांनी मतदाराला कोण जिंकणार एवढंच न विचारता तू असं का ठरवलंस हे विचारायला सुरुवात केली. आज लोकनीती म्हणून जे सर्वेक्षण ओळखलं जातं त्याची पद्धत मी नंतर वाचली आणि मला माझ्या अकरा दिवसांची लाज वाटली. ते मतदार यादीतून चिठ्ठी काढल्यासारखी नावं निवडतात आणि त्याच माणसाच्या घरी जातात. मत कोणाला हा प्रश्न तोंडानं विचारत नाहीत. चिन्हं छापलेली एक खोटी मतपत्रिका हातात देतात, माणूस पाठ फिरवून खूण करतो, घडी घालतो आणि पेटीत टाकतो. आमच्या आजीच्या हातात ती घडी दिली असती तर तिनं ती पेटीत टाकली असती, याची मला खात्री आहे. एक कागद आणि एक डबा, एवढाच खर्च आहे. त्याच संस्थेच्या एका ज्येष्ठ अभ्यासकांनी २०२५ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या काही मतदारसंघांचे चुकीचे आकडे प्रसिद्ध केले, मग ते मागे घेऊन जाहीर माफी मागितली. चूक मोठीच होती. पण ती कबूल केली, हेही लक्षात ठेवायला हवं. कारण बाकीच्या संस्थांकडून आम्ही असा शब्द क्वचितच ऐकतो.

माझी संस्था यादीबिदी देत नव्हती. तीस फॉर्म म्हणजे तीस. पहिले दोन दिवस मी घरोघर गेले. एका घरात शिरलं की बाईला प्रश्न विचारायचा आणि उत्तर दिरानं द्यायचं. सून दारामागे. “तिले काय विचारता, आम्ही सांगतो तिथंच टाकते ते.” खरंच टाकते का? एका सुनेनं मला पाण्याचा तांब्या देताना हळूच सांगितलं ते उत्तर दिराच्या उत्तरापेक्षा वेगळं होतं. पण माझ्या टॅबमध्ये दिराचा आवाज भरला होता. तिसऱ्या दिवसापासून मी एसटी स्टँडवर आणि चहाच्या टपऱ्यांवर जाऊ लागले. तिथं माणसं रिकामी असतात, बोलकी असतात, दुपारपर्यंत तीस फॉर्म होतात. हे मी केलं. टपरीवर बायका नसतात. शेतमजूर नसतात. ज्यांच्या घराला कुलूप आहे ती ऊसतोडीला, वीटभट्टीला, पुण्याच्या बांधकामांवर गेलेली माणसं तर कुठंच नसतात. १९३६ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या साप्ताहिकानं टेलिफोन आणि मोटारगाड्या असलेल्यांच्या याद्यांवरून लाखो पत्रं पाठवली, २० लाखांहून जास्त उत्तरं गोळा केली आणि रूझवेल्ट हरणार असं छापलं. रूझवेल्ट प्रचंड मतांनी जिंकले. ज्यांच्याकडे यातलं काही नव्हतं त्यांच्यापर्यंत ते साप्ताहिक फारसं पोचलंच नव्हतं. त्याला आता नव्वद वर्षं होत आली आणि साखरखेर्ड्याच्या टपरीवर बसून मी तेच करत होते.

आणि मग तो रकाना. ‘मत कोणाला?’ या प्रश्नाखाली माझ्या टॅबवर चार पर्याय होते: महायुती, महाविकास आघाडी, इतर, सांगता येत नाही. आता बुलढाण्याचा निकाल बघा. शिवसेनेचे प्रतापराव जाधव सुमारे साडेतीन लाख मतं घेऊन निवडून आले. ठाकरे गटाचे नरेंद्र खेडेकर त्यांच्यापासून २९ हजारांच्या आसपास मतांनी मागे राहिले. आणि अपक्ष रविकांत तुपकरांना जवळपास अडीच लाख मतं पडली. अडीच लाख माणसं तुमच्या रकान्यात ‘इतर’ होती! मी कोणाची बाजू घेत नाही. माझं मत माझ्यापाशी. पण सोयाबीन हमीभावाच्या खाली विकावं लागलं म्हणून, कापूस घरात पडून राहिला म्हणून, पीकविम्याची वाट बघून डोळे शिणले म्हणून ज्यानं दोन्ही मोठ्या नावांकडे पाठ फिरवली, त्याचं दहा मिनिटांचं बोलणं मी एका बोटानं ‘इतर’मध्ये टाकत होते. एकानं मला सोयाबीनचा हिशोब सांगितला होता, बियाणं, खत, फवारणी, सोंगणी, मळणी, आणि शेवटी क्विंटलला हाती काय राहिलं. असा हिशोब टिपायला फॉर्ममध्ये जागा नव्हती. ‘महत्त्वाचे मुद्दे’ या प्रश्नाखाली ‘शेती’ असा एकच शब्द होता.

१ जूनच्या संध्याकाळी सगळ्या वाहिन्यांवर तुमच्या एक्झिट पोलचे आकडे झळकले. बहुतेकांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर, काहींनी तर चारशेपर्यंत जागा दिल्या. ४ जूनला त्या २९३ भरल्या. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला गेल्या. त्या दिवशी शेअर बाजार चार हजारांवर अंकांनी कोसळला आणि कोणाचे किती पैसे बुडाले याची चर्चा कितीतरी दिवस चालली. आमच्या दारात विचारलेल्या प्रश्नांचं काय झालं, याची चर्चा कुठंच झाली नाही.

कायदा मी वाचला आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६अ सांगतं की शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवायचा नाही. योग्यच आहे. पण हे कलम तुम्ही कधी सांगता एवढंच बघतं. तुम्ही कसं विचारता, कोणाच्या पैशानं विचारता आणि विचारून घेतलेलं कुठं ठेवता, हे कोण बघणार?

म्हणून आयोगाकडे माझी मागणी आहे की आचारसंहिता लागल्यापासून मतदारांच्या दारात जाणाऱ्या प्रत्येक सर्वेक्षणाची जिल्हाधिकारी कार्यालयात नोंद व्हावी. नोंदीत संस्थेचं नाव आणि पैसे देणाऱ्याचं नाव असावं, आणि ती यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी. म्हणजे आजीनं “सर्व्हे कोणाचा?” विचारलं तर दाखवायला काहीतरी असेल, आणि फॉर्मवर मतदार ओळखपत्राचा क्रमांक मागणारा माणूस त्या यादीत नाही हेही तिला कळेल. ताकीद द्यायची तर पहिल्या टप्प्याच्या आधी द्या. आणि टोटलायझरची फाइल पुन्हा उघडा. जोवर आमच्या वस्तीची मतं वेगळी मोजून जाहीर होतात तोवर आम्ही मनातलं कोणालाच सांगणार नाही, ना तुम्हाला, ना त्यांना.

संचालकांनो, तुमच्या मुलामुलींना ओळखपत्र द्या आणि फॉर्मप्रमाणे नको, दिवसाप्रमाणे पैसे द्या. यादीतलं नाव घरी सापडलं नाही तर दुसऱ्या दिवशी जाऊ द्या, शेजारच्याला विचारून भागवू नका. बाईला बाईनं विचारावं, एकटीला विचारावं, विहिरीवर, शेतात, जिथं ती बोलेल तिथं. आवाज भरायचा असेल तर आधी सांगा, ती नको म्हणाली तर बंद करा. आणि ‘इतर’ म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारा: इतर म्हणजे कोण, आणि का?

कागदावरचं एक आणि लोकांच्या तोंडचं दुसरं कसं असतं, याची आमच्या गावाबद्दल एक गोष्ट सांगते. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथं निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली. मुबारिजखान मारला गेला आणि निजामाची दख्खनवरची सत्ता पक्की झाली. विजयाची आठवण म्हणून गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवण्यात आलं. कागदोपत्री ते नाव पुढं बरीच वर्षं चाललं. पण बाजाराला जाणारा माणूस साखरखेर्ड्यालाच जात होता, आणि आज एसटीच्या पाटीवरही साखरखेर्डाच आहे.

ती आजी अजून आहे. निकालानंतर पंधराएक दिवसांनी मी तिच्या दारावरून जात होते, तर तिनं हाक मारली. “पोरी, तुनं लिहून नेलं, त्याचं काय निघालं मंग?” मी म्हटलं, आजी, मलाही कळवलं नाही. ती म्हणाली, “मंग कोणाले कळवलं?” आमच्या मतदारसंघात किती लोकांना विचारलं, त्यात बायका किती होत्या, मजूर किती होते, त्यांनी काय सांगितलं, हे एका पानावर मराठीत छापून साखरखेर्डा ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर पाठवा. मी आजीला वाचून दाखवीन.

आपली,
साखरखेर्ड्याची एक मतदार