चित्रपतींचे खरे स्मारक

१८ नोव्हेंबर २०२६ ही चित्रपती व्ही. शांताराम यांची १२५ वी जयंती. अशा तिथीला आपल्याकडे काय काय होते, हे वाचकांस सांगावयास नको. तसबिरीला हार घातला जातो, दोनचार भाषणे होतात, मराठी माणसाने चित्रपटाचा झेंडा सातासमुद्रापार नेल्याचा उल्लेख न चुकता केला जातो आणि चहापानाने समारंभाची सांगता होते. राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतेच. यांपैकी कशालाही आमची हरकत नाही. परंतु ज्या कलावंताची कृती आपण पाहिलेली नाही, त्याच्या नावाचा नुसता जयजयकार करणे म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा प्रकार होय. म्हणून आमचे सांगणे अगदी साधे आहे. जयंती साजरी करावयाची असेल तर शांतारामांचे चित्रपट लोकांना दाखवा. आणि ते पुढच्या पिढ्यांनाही दाखविता येतील अशी तजवीज करा.

दाखवावयाचे तर कोणते, हा प्रश्न साहजिकच पुढे येतो. जाणकार लगेच ‘प्रभात’ काळातील तीन नावे घेतील. जरठाशी लग्न लावून देण्यात आलेल्या तरुणीचा निर्धार सांगणारा ‘कुंकू’ (१९३७), पोलीस शिपाई आणि वेश्या यांची शोकात्म कथा सांगणारा ‘माणूस’ (१९३९) आणि हिंदू-मुसलमान स्नेहाची कहाणी सांगणारा ‘शेजारी’ (१९४१). ही त्रयी म्हणजे मराठी बोलपटाचे वैभव आहे, यात शंका नाही. तथापि आज आम्ही वाचकांपुढे दुसरी एक त्रयी ठेवू इच्छितो. ज्या चित्रपटांत शांताराम स्वतः पडद्यावर आले, त्यांतील हे तीन उत्तम चित्रपट: ‘सावकारी पाश’ (१९२५), ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) आणि ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७).

ही निवड आम्ही लहर म्हणून केलेली नाही. दिग्दर्शक एरवी पडद्यामागे असतो. यशाचे श्रेय त्याला मिळते आणि अपयश बरेचदा नटाच्या माथी मारता येते. तोच दिग्दर्शक तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की ही पळवाट बंद होते. कोणता माणूस आपण स्वतः होऊन दाखवावयाचा, हे त्याला ठरवावे लागते आणि त्या निवडीवरून त्याच्या मनाची ठेवण कळते. या तीन चित्रपटांत शांतारामांनी रंगविलेली माणसे पाहा. एक कर्जाने बुडालेला शेतकरी, एक परक्या देशातील जखमींसाठी देह झिजविणारा डॉक्टर आणि एक खुन्यांवर विश्वास टाकणारा तुरुंगाधिकारी. या तिघांत राजा कोणी नाही की देवही कोणी नाही.

‘सावकारी पाश’ शांतारामांनी दिग्दर्शित केला नव्हता. तो कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा मूकपट, दिग्दर्शक बाबूराव पेंटर, कथा नारायण हरी आपटे यांची. पौराणिक कथा आणि ऐतिहासिक शौर्य यांवर मूकपटाची गुजराण चाललेली असताना पेंटरांनी सावकाराच्या वहीत अडकलेल्या शेतकऱ्याकडे कॅमेरा वळविला. जमीन जाते, घर मोडते आणि तो शेतकरी शहरात येऊन गिरणीतला मजूर होतो. मुंबईच्या गिरणगावातील हजारो कुटुंबांचा हाच इतिहास होता. ही भूमिका करताना शांतारामांनी वयाची पंचविशीही ओलांडलेली नव्हती. अंधाऱ्या खोपटाचे आणि रडणाऱ्या कुत्र्याचे त्यातील एक दृश्य निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या मनात पुढे कित्येक वर्षे घर करून राहिले होते. आपल्या आसपासचे खरे जगणे पडद्यावर आणता येते, हा धडा शांतारामांना या कंपनीत मिळाला. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासह त्यांनी ‘प्रभात’ स्थापन केली तेव्हा ही शिदोरी त्यांच्यापाशी होती. ‘कुंकू’ची कथाही त्याच नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीवरून घेतलेली असावी, हा केवळ योगायोग आम्हांस वाटत नाही.

दुसरा चित्रपट ‘डॉ. कोटणीस’. १९३८ साली राष्ट्रसभेने जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. बाकीचे चौघे परतले. कोटणीस तेथेच राहिले, तेथेच त्यांनी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच त्यांचा अंत झाला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी ही कथा पुस्तकरूपाने सांगितली आणि तिच्यावरून शांतारामांनी चित्रपट केला. ‘प्रभात’ सोडून १९४२ मध्ये त्यांनी मुंबईत ‘राजकमल’ उभारले होते. नव्या संस्थेला धंद्याच्या दृष्टीने सोयीचे विषय पुष्कळ होते. तरीही त्यांनी उचलला तो एका मराठी डॉक्टरचा जीवनवृत्तांत. आणि नायकाची भूमिका स्वतःकडे घेतली.

या चित्रपटात दोष नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. भूमिकेच्या मानाने शांतारामांचे वय अधिक होते, आणि चरित्राच्या तपशिलात चित्रपटाने पुष्कळ मोकळीक घेतली आहे. परंतु १९४६ साली, देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभा असताना, ‘आम्हांला स्वातंत्र्य हवे ते कशासाठी?’ या प्रश्नाचे एक उत्तर या चित्रपटाने दिले. दुसऱ्याच्या दुःखाला धावून जाण्याचे सामर्थ्य यावे म्हणून, हे ते उत्तर. पुढे १९६२ च्या युद्धाने भारत आणि चीन यांच्यात कमालीची कटुता आली. सरहद्दीवरील तणाव त्यानंतरही अनेकदा उफाळून आला. त्या साऱ्यातून कोटणीसांचे नाव दोन्ही देशांत आदराने घेतले जात राहिले, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे विषयाची निवड किती दूरदृष्टीची होती हे कळते.

तिसरा चित्रपट ‘दो आँखें बारह हाथ’. आमच्या मते नट आणि दिग्दर्शक या दोन्ही नात्यांनी शांतारामांचे सर्वांत मोठे कार्य हेच. त्याच्या मुळाशीही महाराष्ट्राच्या मातीत घडलेली गोष्ट आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांना भिंतींवाचून, शेतीवर ठेवण्याचा प्रयोग झाला होता. त्यावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली. आदिनाथ हा तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांना स्वतःच्या जबाबदारीवर एका उजाड माळावर नेतो आणि त्यांच्या बारा हातांना नांगर, कुदळ, पेरणी आणि पीक यांची ओळख करून देतो. पळून जाण्याची संधी असते, मोहही होतो. पण आदिनाथचे दोन डोळे त्यांची पाठ सोडीत नाहीत. त्यांची भाजी रास्त भावाने बाजारात येते तेव्हा व्यापाऱ्यांचे पित्त खवळते आणि अखेर शेत वाचविताना बैलाशी झुंजून आदिनाथ प्राण गमावतो.

दोन वर्षांपूर्वीच, १९५५ मध्ये, ‘झनक झनक पायल बाजे’ या रंगीत नृत्यपटाने शांतारामांना अमाप यश मिळवून दिले होते. तेच रंग पुन्हा उधळले असते तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी मात्र कृष्णधवल चित्र, उघडा माळ आणि सहा राकट चेहरे पत्करले. बैलाच्या प्रसंगात त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. पुढे १९५९ च्या ‘नवरंग’च्या प्रारंभी स्वतः पडद्यावर येऊन त्यांनी त्या दृष्टिहीन दिवसांचा उल्लेख केला आहे. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वलाचा मान मिळाला. वसंत देसायांनी स्वरबद्ध केलेली त्यातील प्रार्थना महाराष्ट्रातील शाळाशाळांतून म्हटली गेली. ती म्हणणाऱ्या किती मुलांनी मूळ चित्रपट पाहिला असेल?

शांतारामांचा प्रत्येक चित्रपट डोक्यावर घ्यावा, असा आमचा आग्रह नाही. १९६१ च्या ‘स्त्री’मध्ये साठीच्या घरात असताना ते दुष्यंत होऊन आले. थाट मोठा होता, पण विषयापेक्षा सजावटच अधिक भरली. उत्तरकाळात नृत्य, रंग आणि मांडणी यांच्या सोसापायी कथेचा प्राण त्यांच्या हातून निसटल्याची उदाहरणे काढता येतील. ‘पिंजरा’सारखा (१९७२) अपवाद सोडला तर त्यांचा बहराचा काळ मागे पडला होता. या तुलनेतून एक कसोटी मात्र हाती येते. जेथे विषय मोठा आणि शांतारामांनी स्वतःला त्याच्या सेवेला लावले, तेथे त्यांची कला शिगेला पोहोचली. जेथे विषयालाच आपल्या हौसेच्या सेवेला लावले, तेथे ती ओसरली. चित्रपटाच्या विद्यार्थ्यांना यापेक्षा मोलाचा पाठ दुसरा कोणता द्यावयाचा?

परंतु पाठ द्यावयाचा तर पुस्तक जाग्यावर असले पाहिजे. आम्ही निवडलेल्या तीन चित्रपटांपैकी पहिला आज कोणालाही पाहता येत नाही. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ची एकही प्रत उरलेली नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले पूर्ण आणि तुटक असे मिळून तीसही शिल्लक नाहीत. याला काळ एकटा जबाबदार नाही. त्या काळची नायट्रेटची फीत चटकन पेट घेणारी आणि उष्ण, दमट हवेत कुजणारी होती, हे खरे. पण चित्रपटाचा धंदा संपला की त्याची रिळे अडगळ समजली गेली आणि चांदी काढण्यासाठी ती भंगारात विकली गेली, हेही तितकेच खरे. ज्या ‘प्रभात’ नगरीत पुढे सरकारी चित्रपटशिक्षण संस्था उभी राहिली, त्याच पुण्यातील आवारात ८ जानेवारी २००३ रोजी नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली आणि सुमारे सहाशे चित्रपटांची रिळे भस्मसात झाली. त्यांत ‘प्रभात’ची अमूल्य ठेवही होती. कोल्हापूरने जन्म दिला, पुण्याने वाढविले आणि अखेर पुण्यातच राख झाली, असा हा इतिहास आहे.

यानंतर सरकार अगदीच स्वस्थ बसले असे म्हणता येणार नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून काम करीत आले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या ध्येयवेड्या माणसाने देशभर हिंडून तेथे चित्रपट गोळा केले. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेसाठी केंद्राने सुमारे ५९७ कोटी रुपयांची योजना आखली. २०२२ मध्ये सुमारे बावीसशे चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटींची घोषणा झाली, आणि त्याच वर्षी हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. एवढा पैसा जनतेचा आहे. तेव्हा कोणत्या चित्रपटाचे काम पुरे झाले, त्याची मूळ फीत कोठे आहे आणि सामान्य प्रेक्षकाला तो कोठे पाहावयास मिळेल, याचा हिशेब सोप्या भाषेत वेळोवेळी जनतेपुढे आला पाहिजे. तिजोरीत कुलूपबंद राहिलेला चित्रपट जळालेल्या चित्रपटापेक्षा प्रेक्षकाला फारसा अधिक उपयोगी नाही.

महाराष्ट्र शासनाकडे आमची मागणी याहून लहान आणि म्हणूनच तातडीने पुरी करता येण्याजोगी आहे. जयंतीच्या निमित्ताने ‘कोटणीस’ आणि ‘दो आँखें बारह हाथ’ यांच्या उत्तम प्रती मिळवाव्यात आणि मुंबई, पुणे, कोल्हापूर, सोलापूर येथील चित्रगृहांतून त्या परवडणाऱ्या दरात दाखवाव्यात. शाळांना आणि तुरुंगांनाही त्यांतून वगळू नये; आदिनाथची गोष्ट तुरुंगाच्या भिंतींआड जितकी कळेल तितकी बाहेर कळणार नाही. जोडीला ‘कुंकू’, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ आले तर दुधात साखरच. आणि हे एका दिवसापुरते न ठेवता दरवर्षीचा रिवाज व्हावा.

सुशिक्षित वाचकवर्गालाही आम्हांला दोन शब्द सांगावयाचे आहेत. परदेशी दिग्दर्शकांची नावे आपल्या जिभेवर असतात आणि त्यांच्या चित्रपटांना आपण रांगा लावतो. ही रसिकता स्वागतार्ह आहे. मात्र स्वतंत्रपूर कोठे आहे हे आपल्या मुलांना ठाऊक नसावे, ही काही भूषणाची गोष्ट नाही. जुन्या चित्रगृहांच्या माळ्यांवर किंवा वितरकांच्या गोदामांत रिळांचे गंजके डबे असतील, तर ते भंगारवाल्याला देण्याआधी संग्रहालयाला कळवावे. १९१९ चा ‘बिल्वमंगल’ नाहीसा झाला असे समजले जात होते. त्याचा काही भाग फ्रान्समधील संग्रहालयात निघाला आणि २०१६ मध्ये त्याची प्रत भारताला मिळाली. ‘सावकारी पाश’च्या बाबतीतही असा एखादा डबा कोठे पडून असेल, ही आशा सोडण्याचे कारण नाही.

पुतळा उभारावयास पैसे लागतात आणि तो पाहावयास कोणी थांबत नाही. चित्रपटाची गोष्ट उलटी आहे. अंधार झाला, पडदा उजळला आणि सहा खुनी एका निःशस्त्र माणसामागून माळाकडे चालू लागले की पाहणारा आपोआप थांबतो. शांतारामांनी आपले स्मारक स्वतःच उभारून ठेवले आहे. त्याच्यावर धूळ साचू द्यावयाची की दिवा लावावयाचा, एवढेच आता आपल्या हाती उरले आहे.