दुसरं हेल्मेट कुणाचं?

परवा नारायणगावच्या बाजारात उभी राहून बघत होते. मोटरसायकल चालवणाऱ्या काही पुरुषांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. मागे एका अंगाला पाय सोडून, मांडीवर मूल घेऊन बसलेल्या एकाही बाईच्या नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं करतं. साडी चाकात जाऊ नये म्हणून १९८९ च्या नियमांनी गाडीला जाळीही लावायला लावली. नियम करणाऱ्यांना ती बाई दिसली, घरच्यांना दिसत नाही.

मंचरच्या बैठकीत विषय काढला, तर एकजण म्हणाली, "डोक्यावर पदर असतो की!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण एका हातात पदर, दुसऱ्यात मूल. मग गाडीला धरायचं कशानं? शिलाई मशीनसाठी आपले बचत गट कर्ज देतात. हेल्मेटसाठीही द्यावं, असं मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे.