स्मृतिभ्रंश आणि गावचे मैदान

गेल्या पौषात, म्हशाच्या यात्रेच्या सुमारास, मुरबाड तालुक्यातील एका जुन्या सहकाऱ्यांच्या घरी जाणे झाले. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी ज्यांच्या मागून आम्ही पायी शिबिरांना हिंडलो, त्यांनी मला ओळखले नाही. अर्ध्या तासात चार वेळा त्यांनी "टोकावड्याची गाडी गेली का?" असे विचारले. सुनेला ते 'आई' म्हणत होते. काही वर्षांपूर्वी त्यांना ज्या दवाखान्यात नेले, तेथे "वय झाले, आता असेच चालायचे" एवढाच सल्ला मिळाला. गाव तर त्याला म्हातारचळ म्हणून मोकळे झाले आहे.

निघताना आम्ही त्यांना अंगणात आणले. समोरच्या रिकाम्या खाचरात मुले कबड्डी खेळत होती. हे गृहस्थ थबकले, गुडघ्यांत किंचित वाकले, माझे मनगट घट्ट धरले आणि म्हणाले, "कोपरा सोडू नको." ते गावच्या संघात डाव्या कोपऱ्यावर खेळत असत, हे मला तेव्हा आठवले. पुढे पाऊण तास त्यांनी आम्हांस हुतुतू समजावून सांगितला: संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा कसा उठतो, गामिनीत सारा डाव संपेपर्यंत त्याला बाहेर का बसावे लागते, अमर प्रकारात बाद होऊनही तो मैदानात कसा राहतो. संघातील सातही जणांची नावे त्यांनी घेतली. सूनबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "मामंजी इतके बोललेले वर्षात ऐकले नव्हते," असे त्या म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी पुन्हा टोकावड्याची गाडी विचारली.

यात चमत्कार काही नाही. या विकारात बहुधा ताज्या स्मृती आधी जातात. कोवळ्या वयातील आणि देहात मुरलेल्या स्मृती पुष्कळ काळ तग धरतात. याच जाणिवेवर स्कॉटलंडमध्ये २००९ पासून एक उपक्रम उभा राहिला. तेथील अल्झायमर संस्था आणि ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कमधील फुटबॉल संग्रहालय यांनी मिळून स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांचे फुटबॉल-आठवणींचे गट सुरू केले. जुने फोटो आणि सामन्यांच्या पत्रिका पुढे ठेवायच्या, चहा द्यायचा आणि माणसांना बोलू द्यायचे. गट चालविणारे बहुतेक स्वयंसेवक. ज्याला सकाळी काय खाल्ले ते सांगता येत नाही, तो पन्नास वर्षांपूर्वीचा गोल कोणी मारला ते सांगतो आणि त्या तासापुरता रुग्ण न राहता जाणकार होतो.

याचे गुण गाताना हात आखडता घेतलेला बरा. आठवणींवर आधारलेल्या उपचारांच्या २२ अभ्यासांचा २०१८ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात लाभ दिसला तो थोडा, आणि सर्वत्र सारखा नव्हे. रोग यामुळे हटत नाही. शिवाय फुटबॉलचे दुसरे अंग विसरून चालणार नाही. इंग्लंडचा खेळाडू जेफ ॲस्टल २००२ मध्ये वारला, तेव्हा वर्षानुवर्षे डोक्याने चेंडू मारल्याने त्याच्या मेंदूस इजा झाली असे मानून मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याचे कारण 'औद्योगिक रोग' असे नोंदविले. पुढे २०१९ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांना आढळले की, स्कॉटलंडचे माजी व्यावसायिक फुटबॉलपटू मेंदू झिजविणाऱ्या विकारांनी मरण्याचे प्रमाण इतरांच्या साडेतीन पट आहे. खेळ हीही मजुरी आहे आणि तिचे व्यवसायजन्य रोग आहेत, हे कामगार चळवळीत वाढलेल्यांना वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडे कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉलची अशीच अभिमानी स्मृती नांदते आहे. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात मात्र ही जागा हुतुतूची. बूट नको, चेंडू नको, भात कापून झालेले खाचर पुरे; म्हणून तो गरिबाचा खेळ. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो १९३६ मध्ये बर्लिनला दाखविला, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत त्याला स्थान मिळाले, २०१४ पासून तो दूरदर्शन संचावर झगमगाटात दिसतो. आजच्या वृद्धांचा हुतुतू याहून निराळा, मातीचा आणि ढोपर फुटण्याचा. त्याच्या आठवणी कोणत्याही संग्रहालयात नाहीत. त्या पडवीतल्या खाटेवर आहेत आणि दिवसेंदिवस विरत आहेत.

प्रश्न किती मोठा आहे? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढील शंभरांपैकी सुमारे ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसे. शहरात हे प्रमाण ५.३ टक्के, तर खेड्यात ८.४ टक्के. हा शहरी सुखवस्तूंचा आजार आहे, अशी जी समजूत आपल्यातही आढळते, ती या आकड्यांनी निकालात निघते. पुरुषांत प्रमाण ५.८ टक्के आणि स्त्रियांत ९ टक्के आहे.

हा शेवटचा आकडा मला अधिक अस्वस्थ करतो. कबड्डीच्या आठवणींचा गट काढला की त्यात येणार कोण? पुरुष. त्या पिढीच्या बाईला मैदान कोणी दिले होते? तिची स्मृती जात्यावरच्या ओव्यांत, लावणीच्या चिखलात, नागपंचमीच्या झिम्मा-फुगडीत आहे. तेव्हा स्कॉटलंडची नक्कल करून भागणार नाही. एखाद्या कातकरी वाडीतल्या आजीपुढे खेळाचा फोटो ठेवण्यापेक्षा मूठभर वरईचे दाणे ठेवले, तर ती अधिक बोलेल असा माझा अंदाज आहे.

आता अर्थशास्त्राच्या जुन्या मास्तराला राहवत नाही म्हणून एक हिशेब. मुलगा पहाटे आसनगाव किंवा कसाऱ्याहून लोकल पकडतो किंवा भिवंडीच्या मागावर जातो. मुरबाडला तर अद्याप रेल्वेही पोहोचलेली नाही. तेथून कल्याणला जाऊन येण्यातच दिवसाचे कित्येक तास मोडतात. म्हाताऱ्यामागे दिवसभर फिरते ती सून. त्याने चूल उघडी टाकू नये, रानात निघून जाऊ नये, म्हणून ती मजुरीला जात नाही. हे श्रम कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाहीत. निराधार वृद्धाला श्रावणबाळ योजनेतून २०२३ पासून दरमहा दीड हजार रुपये मिळतात. ऐंशीच्या आतील वृद्धाच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा अद्याप २०० रुपयांचाच आहे. सांभाळणाऱ्या सुनेच्या नावे त्यात एक पैसाही नाही.

म्हणून आठवणींच्या गटांचा पुरस्कार करताना एक धोका सांगितला पाहिजे. स्वस्त आणि स्वयंसेवी उपक्रम दिसला की सरकारला जबाबदारी झटकण्याची संधी मिळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात स्मृतिभ्रंशाची तपासणी, आशा सेविकेस त्याचे प्रशिक्षण व त्याबद्दलचा मोबदला, तालुक्याच्या ठिकाणी दिवसाचे सांभाळकेंद्र आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीस भत्ता, या मागण्या गट सुरू झाले म्हणून मागे पडता कामा नयेत. गटाची खरी कमाई कदाचित वेगळीच आहे. तो तासभर चालतो तेव्हा सूनही तासभर मोकळी होते, तिच्यासारख्या दुसऱ्या घरच्या बाईशी बोलते. आणि अशा दहा जणी एकत्र बसल्या की मोर्चाला निघण्यास फार दिवस लागत नाहीत.

कार्यकर्त्यांनी या दोन तालुक्यांत आरंभी दोनच गावे घ्यावीत. शाळेची किंवा वाचनालयाची खोली मागावी. गावच्या जुन्या संघांचे फोटो, ढाली, स्पर्धांची पत्रके घराघरांतून जमवावीत. आजींसाठी जाते, सूप, बी-बियाणे आणावे. चूक दुरुस्त करू नये, परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारू नयेत. कोणी उठून जाऊ लागला तर अडवू नये, सोबत चालावे. सभेच्या सवयीने भाषण तर मुळीच करू नये. १५ जुलै हा बुवा साळवी यांचा जन्मदिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळतात, पण तेव्हा लावणीची धांदल असते. सुगी आटोपल्यावर, खाचरे रिकामी झाली की आरंभ करावा, आणि त्याआधी आपल्या शाखेच्या गावांत अशी माणसे कोणकोणत्या घरांत आहेत, त्यांना निवृत्तिवेतन मिळते की नाही, याची यादी घरोघर जाऊन करावी.