विमानतळावरचा ‘प्रणाम’ कोणासाठी?

मुंबईच्या विमानतळावर पैसे भरून मिळणारी एक सेवा आहे. तिचे नाव ‘प्रणाम’. ती घेणारा प्रवासी मोटारीतून उतरताच गणवेशातील मदतनीस त्याचे स्वागत करतो, सामान ताब्यात घेतो, बोर्डिंग पासाच्या खिडकीपासून सुरक्षा तपासणीपर्यंत त्याच्यासोबत राहतो आणि शेवटी त्याला विमानाच्या दारापर्यंत पोहोचवतो. परदेशातून येणाऱ्यासाठी हाच क्रम उलट दिशेने चालतो. जगातील बहुतेक मोठ्या विमानतळांवर अशा सेवा आहेत. ज्याला परवडते त्याने ती अवश्य घ्यावी. फलाटावर उतरून हमाल करणाऱ्या प्रवाशाला आपण दोष देत नाही, त्याचप्रमाणे येथेही दोष देण्याचे कारण नाही.

प्रश्न निराळाच आहे. या सेवेत मोल देऊन विकत घेतले जाते ते नेमके काय? सामान वाहणे हा तिचा लहानसा भाग झाला. मोठा भाग आहे तो माहितीचा व दिलाशाचा. कोणत्या दारातून आत जायचे, कोणत्या रांगेत उभे राहायचे, कोणता कागद कोणाला दाखवायचा, पट्ट्यावर ठेवायचे काय आणि अंगावर ठेवायचे काय, हे सांगणारा एक माणूस बरोबर असणे हीच या सेवेची खरी किंमत. म्हणजे ज्या संस्थेने वास्तू उभारली तिनेच, त्या वास्तूत वावरण्याची रीत समजावून सांगण्याची सोय वेगळ्या दराने विकायला ठेवली आहे. ही गोष्ट केवळ खासगी व्यापाराची म्हणून सोडून देता येत नाही, कारण विमानतळ ही सार्वजनिक सोय आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर विमान उतरवले. त्यानंतर कित्येक दशके विमानप्रवास हा मूठभरांचा होता. त्या मूठभरांच्या दिमतीला कंपनीचा शिपाई असे, प्रवास एजंट असे, ओळखीचा अधिकारी असे. त्यांना मार्ग दाखवण्याची वेगळी व्यवस्था करावी लागत नव्हती. २००३ साली एअर डेक्कनने स्वस्त तिकिटांचा प्रयोग सुरू केला आणि पुढील वीस वर्षांत प्रवाशाचा चेहराच बदलला. लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेली साताऱ्याची निवृत्त शिक्षिका, आखातात नोकरीला चाललेला रत्नागिरीचा तरुण, मुलाच्या पदवीदान समारंभाला जाणारे लातूरचे जोडपे, हे आता विमानाचे नेहमीचे प्रवासी झाले आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचा हा पहिलाच प्रवास असतो आणि पुष्कळांना इंग्रजी वाचता येत असले तरी बोलण्याचा धीर होत नाही.

दुसऱ्या बाजूला विमानतळ मात्र अधिकाधिक विस्तीर्ण आणि यंत्राधीन होत गेला. मुंबईचे दुसरे टर्मिनल फेब्रुवारी २०१४ मध्ये वापरात आले. त्याची भव्यता आणि तेथील कलासंग्रह यांचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. परंतु भव्यतेला अंतर असते. दारापासून विमानापर्यंतची वाट वृद्धाच्या पावलांनी मोजली तर तिची लांबी वेगळीच भरते. आता खिडकीवरील माणसाच्या जागी यंत्र आले, आणि २०२२ च्या अखेरीपासून चेहरा पाहून दार उघडणारी ‘डिजियात्रा’ आली. सराईत प्रवाशाचा यामुळे वेळ वाचतो. ज्याला या यंत्रांची सवय नाही त्याला मात्र विचारण्यासाठी पूर्वी जो माणूस समोर असे, तोही आता शोधावा लागतो.

अशा वेळी हा प्रवासी काय करतो? तो चाकांची खुर्ची मागतो. याचे कारण समजून घेतले पाहिजे. आजच्या व्यवस्थेत विनामूल्य मिळणारा सोबती प्रायः या खुर्चीच्या पाठीशीच असतो. खुर्ची मागितली की ती ढकलणारा, वाट ठाऊक असलेला, अधिकाऱ्याशी दोन शब्द बोलू शकणारा माणूस आपोआप लाभतो. परदेशातील मुले आपल्या आईवडिलांचे तिकीट काढताना खुर्चीची नोंद करतात ती बहुधा याचसाठी. पाय धड असतात, अडलेली असते ती वाचा आणि खचलेला असतो तो धीर. याला लबाडी म्हणून हिणवणे सोपे आहे. परंतु दुसरे दार बंद ठेवायचे आणि उघड्या दारातून कोणी आत आले की त्याला घुसखोर म्हणायचे, हा न्याय नव्हे.

तथापि या प्रकाराचा भुर्दंड ज्यांना खुर्चीवाचून गत्यंतर नाही अशांना सोसावा लागतो, हेही नाकारता येणार नाही. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्कहून मुंबईला आलेल्या एका वृद्ध दांपत्याने दोघांसाठी खुर्च्या नोंदवल्या होत्या. प्रत्यक्षात मिळाली एकच. पत्नीला खुर्चीत बसवून ऐंशी वर्षांचे पती तिच्याबरोबर चालत निघाले आणि इमिग्रेशनच्या परिसरात कोसळले. त्यांचा मृत्यू झाला. मागणी फार असल्याने त्यांना थांबण्याची विनंती केली होती, परंतु त्यांनी पत्नीबरोबर चालत जाणे पसंत केले, असे एअर इंडियाने सांगितले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तो खुलासा पुरेसा मानला नाही व कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला. दंड झाला हे ठीकच. पण मागणी फार होती या वाक्यातच खऱ्या दुखण्याचे निदान आहे, आणि ते दंडाने दूर होणारे नाही.

नियमांची आपल्याकडे वाण नाही. अपंग व हालचाल मंदावलेल्या प्रवाशांना टर्मिनलच्या दारापासून उतरण्याच्या ठिकाणच्या टर्मिनलबाहेर पडेपर्यंत जादा पैसे न घेता साहाय्य द्यावे, असा महासंचालनालयाचा दंडक आहे. त्यासाठी ४८ तास आधी सूचना देण्याची अपेक्षा आहे. या दंडकामागे दीर्घ झगडा आहे. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी जीजा घोष या सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या एका परिषदेसाठी कोलकात्याहून गोव्याला निघाल्या असता त्यांना स्पाइसजेटच्या विमानातून उतरवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०१६ रोजी त्यांना १० लाख रुपये भरपाई देवविली. तरीही मे २०२२ मध्ये रांचीला इंडिगोने एका विशेष गरजा असलेल्या मुलाला विमानात प्रवेश नाकारला. कंपनीला ५ लाखांचा दंड झाला, आणि केवळ अपंगत्वाच्या कारणावरून प्रवाशाला नाकारता येणार नाही, अशी सुधारणा त्याच वर्षी नियमांत करण्यात आली. यावरून एवढे दिसते की आपल्याकडे हक्क कागदावर येतात ते कोणाचा तरी अपमान झाल्यानंतरच.

खुर्च्यांची मागणी आटोक्यात आणण्यासाठी, जे अपंग नाहीत त्यांच्याकडून खुर्चीचे पैसे घ्यावेत, असा एक उपाय सुचवला जातो. वरवर पाहता तो रास्त वाटेल. पण अपंग कोण हे खिडकीवर ठरवणार कोण? गुडघे झिजलेल्या, पण चारचौघांत उभ्या राहू शकणाऱ्या बाईने आपले दुखणे रांगेत उभे राहून सिद्ध करायचे काय? शिवाय पैसे घेतल्याने धनिकांची मागणी कमी होणार नाही. कमी होईल ती पेन्शनीवर जगणाऱ्याची. मूळ गरज सोबतीची आहे हे एकदा मान्य केले की उपायही सोबतीचाच हवा.

तसा उपाय नव्याने शोधण्याची गरज नाही. विमान कंपन्यांच्या आरक्षण पद्धतीत चाकांच्या खुर्चीचे तीन प्रकार नोंदवले जातात. लांब चालता न येणारा, जिना चढता न येणारा, आणि आसनापर्यंत उचलून न्यावा लागणारा प्रवासी. त्यांच्याच जोडीला ‘भेटून साहाय्य करावे’ अशा अर्थाची एक स्वतंत्र नोंदही त्या पद्धतीत आहे. वृद्ध, एकटा किंवा भाषेने अडलेला प्रवासी याच सदरात बसतो. परंतु खुर्चीची सोय जितकी लोकांच्या कानावर आहे तितकी ही नाही. तिकीट काढतानाच हा प्रश्न विचारला गेला, आणि दाराशी मराठी, हिंदी, इंग्रजी बोलणारा माणूस दहा-पंधरा प्रवाशांचा गट करून त्यांना आत घेऊन गेला, तर कित्येक खुर्च्या आपोआप मोकळ्या होतील. एका खुर्चीमागे एक माणूस गुंततो, येथे एक माणूस पंधरा जणांची वाट सोपी करील. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाने २०१६ साली सूर्यफुलांचे चित्र असलेली हिरवी फीत प्रवाशांना देण्यास सुरुवात केली. ती गळ्यात असलेल्या प्रवाशाला थोडा जादा वेळ व मदत लागेल, एवढे कर्मचाऱ्यांनी न विचारता ओळखायचे. खर्च नगण्य, आणि प्रवाशाची प्रतिष्ठा शाबूत.

पैसा कोणी द्यायचा, हा आक्षेप येईलच. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमाने ही जबाबदारी विमानतळ चालवणाऱ्या संस्थेवर टाकली. अपंगत्वाबरोबर वयामुळे मंदावलेली हालचालही त्यात धरली, आणि खर्च सर्व प्रवाशांच्या संख्येच्या प्रमाणात कंपन्यांकडून वसूल करण्याची मुभा दिली. ओझे सर्वांवर वाटले की कोणाच्याच खांद्याला ते जाणवत नाही. आपल्याकडेही तिकिटात विमानतळ वापराचे शुल्क समाविष्ट असते आणि मोठ्या विमानतळांवर ते किती असावे हे आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवते. जो प्रवासी हे शुल्क भरतो त्याने संगमरवराबरोबर मार्गदर्शकाचेही पैसे दिले आहेत, असे प्राधिकरणाने मानले पाहिजे. शुल्क ठरवताना मदतनिसांची संख्या आणि खुर्चीसाठी थांबावे लागणारा वेळ यांचा हिशेब मागणे त्याला अशक्य नाही.

या हिशेबात मदतनिसाचाही विचार व्हावा. रेल्वेच्या हमालाला २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभू यांनी ‘सहायक’ हे नाव दिले. नाव बदलल्याने त्याच्या पाठीवरचे ओझे हलके झाले नाही, पण त्याचा दर रेल्वे ठरवते आणि त्याच्या दंडावर बिल्ला असतो. विमानतळावर खुर्ची ढकलणारा बहुधा कंत्राटदाराचा नोकर असतो. त्याचे वेतन तुटपुंजे असेल तर त्याची नजर बक्षिसीकडे वळणारच, आणि मग कोणती खुर्ची आधी हलेल हे गरजेवरून ठरणार नाही, खिशावरून ठरेल.

नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन झाले. गोव्यात मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून चालू आहे. नव्या वास्तूंना जुन्या सवयी अजून जडलेल्या नसतात, म्हणून सुधारणा येथूनच सुरू करणे सोयीचे आहे. पैसे भरणाऱ्याला प्रणाम करण्यास कोणाचीच हरकत नाही. पण तिकिटाइतकेच पैसे जमवू शकलेला, हातात कागदांची पिशवी घेऊन दाराशी घुटमळणारा माणूसही त्याच विमानाचा प्रवासी आहे. त्याला वाट दाखवणे हे उपकाराचे काम नाही, विमानतळाच्या कामाचाच तो भाग आहे, आणि नियामकाने तो तसाच लिहून ठेवायला हवा.