बाबा, भिंत आणि खिडकी



मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्याच घरात रंगेहाथ पकडला गेलो. रात्रीचे साडेअकरा झाले होते. पाणी प्यायला उठलेल्या मुलीने पाहिले, की विहारात ‘मोबाइलचे व्यसन’ या विषयावर तावातावाने बोलणारे तिचे वडील अंधारात मोबाइलवर खेळत बसले आहेत. “बाबा, तुम्हीसुद्धा?” एवढेच ती म्हणाली. आजचा लेख म्हणजे तिच्या त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. विहारातले भाषण मी मागे घेत नाही. मोबाइलवरच्या रमीत आणि पैजांच्या खेळात वस्तीतल्या पोरांचे पगार गेलेले मी पाहिले आहेत. मुलाचे कर्ज फेडायला एका आईने शेळ्या विकल्या, तेही पाहिले आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, ते योग्यच झाले. पण सुक्याबरोबर ओलेही जळू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. खेळ खेळात फरक असतो.

मी बोलतो आहे ते कोड्यांच्या खेळांबद्दल. आपल्या आज्या हिवाळ्यात शेकोटीभोवती कोडी घालत. ओट्यावर खडूने घर आखून वाघ-बकरी खेळली जाई. त्यात पैसा नव्हता, नशीब नव्हते. होते ते फक्त डोके. मोबाइलवरही त्याच जातीचे खेळ आहेत. ते मोठ्या कंपन्या काढत नाहीत. कोणी एकटा माणूस, फार तर दोघे-चौघे मिळून, घरी बसून तयार करतात.

मी बी.कॉम. झालेला माणूस, म्हणून मला पहिल्यांदा गोडी लागली ती ‘२०४८’ या आकड्यांच्या खेळाची. गॅब्रिएल चिरुली या एकोणीस वर्षांच्या इटालियन मुलाने मार्च २०१४ मध्ये तो शनिवार-रविवारच्या सुट्टीत तयार केला आणि लोकांना फुकट देऊन टाकला. दोन आणि दोन चार, चार आणि चार आठ, असे जोडत जायचे. चिखलीच्या स्टँडवर मेहकरची एस.टी. येईपर्यंत चांगला वेळ जातो. सायमन टॅथम या इंग्रज प्रोग्रामरनेही जवळपास चाळीस कोड्यांचा संच असाच फुकट दिला आहे. त्यात जाहिरात नाही आणि इंटरनेटही लागत नाही. रेंज नसलेल्या गावात मुक्काम असला की तो कामाला येतो.

पण त्या रात्री मी पकडला गेलो तो निराळा खेळ होता, आणि तो मुलीनेच माझ्या मोबाइलवर टाकला होता. त्याचे नाव ‘बाबा इज यू’. “नावच सांगतंय, हा तुमच्यासाठीच आहे,” असे ती हसत म्हणाली होती. फिनलंडच्या आर्वी टेइकारी या तरुणाने तो २०१९ साली बाजारात आणला. बाबा हा त्यातला सशासारखा दिसणारा पांढरा प्राणी. त्याला हलवत झेंड्यापर्यंत न्यायचे. वाटेत भिंत असते. मात्र भिंत का अडवते, हे तिथेच तीन इंग्रजी शब्दांत मांडलेले असते: ‘वॉल’, ‘इज’, ‘स्टॉप’. हे शब्द म्हणजे ढकलता येणारे ठोकळे. त्यातला एक ठोकळा ढकलून बाजूला केला की नियम मोडला. मग तीच भिंत बाबाला अडवत नाही, तो तिच्यातून सरळ चालत जातो.

अशी दोनशेहून अधिक कोडी त्यात आहेत. पाचव्या-सहाव्या कोड्यालाच मी तीन रात्री अडकलो. मी भिंतीला वळसा कसा घालायचा ते शोधत होतो, आणि नियम मात्र माझ्या डोळ्यांसमोर उघडा पडलेला होता. नियम हा कोणीतरी मांडलेला असतो, म्हणून तो हलवता येतो, हे आपल्या समाजाला वेगळे शिकवायला नको. तरीही ते बोटांनी करून पाहताना मला विलक्षण आनंद झाला.

मात्र खेळ तो खेळच. तिथे शब्द हलला की भिंत त्याच क्षणी निघते. आपला अनुभव काय आहे? सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. कागदावरचा शब्द हलला, पण भिंत जागची हलली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले, आणि पुढे उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. नियम बदलणे हे अर्धे कोडे झाले. उरलेले अर्धे कोडे नियम राबवणाऱ्या माणसाच्या हातात असते.

हे मला शिकवले दुसऱ्या एका खेळाने. “बाबा, तुमच्या नोकरीवरही एक खेळ आहे,” असे म्हणून मुलीने ‘पेपर्स, प्लीज’ दाखवला. लुकास पोप हा अमेरिकन माणूस जपानमध्ये राहत असताना त्याने तो जवळपास एकट्याने बनवला, २०१३ साली. २०२२ पासून तो मोबाइलवरही आहे. एका काल्पनिक देशाच्या सरहद्दीवर आपण खिडकीत बसलेले कारकून असतो. समोर माणूस येतो, कागद सरकवतो. नाव, तारीख, शिक्का, फोटो जुळतो का ते पाहायचे आणि शिक्का मारायचा. रोज नवा नियम निघतो. जितकी माणसे तपासाल तितका पगार. घरी बायको, मुलगा. भाडे, जेवण, औषध. पहिल्या दोन चुकांना ताकीद, तिसरीपासून दंड.

एकदा नवरा येतो, त्याचे कागद बरोबर असतात. त्याच्या मागे बायको येते, तिच्याकडे परवाना नसतो. सोडले तर चुकीची चिठ्ठी आपल्या नावावर निघते. परत पाठवले तर काहीच होत नाही. मी तिला परत पाठवले. एकही चिठ्ठी आली नाही. माझे काम शंभर टक्के बिनचूक होते.

आणि मला आमच्या कार्यालयातली खिडकी आठवली. निराधार अनुदानासाठी आलेली एक म्हातारी बाई. रेशन कार्डावर नावापुढे ‘बाई’ होते, आधारवर नव्हते. मी अर्ज परत केला. “साहेब, कागदावर काईबी असो, मी त मीच हाये ना?” असे ती म्हणाली होती. मी पुढच्या माणसाला हाक मारली होती.

दुसऱ्या दिवशी मी परत केलेल्या अर्जांची नोंद काढली. ती बाई तीन वेळा येऊन गेली होती. प्रत्येक वेळी मी एकच त्रुटी सांगितली होती. तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ सांगतो, की अर्ज नाकारला तर कारण लेखी कळवले पाहिजे. हा कायदा गावोगाव समजावून सांगणारा कार्यकर्ताही मीच, आणि खिडकीत बसून तोंडी परत पाठवणारा कारकूनही मीच!

रविवारी मी तिच्या गावी गेलो. तिने चहा पाजला आणि रागावलीही नाही, हे जास्त लागले. त्या दिवसापासून काय काय कमी आहे ते सर्व एकाच चिठ्ठीवर लिहून, खाली सही करून देतो. तिचा अर्ज पुढे गेला आहे.

हे खेळ खेळून बुद्धी वाढते किंवा नोकरी लागते, असे मी म्हणणार नाही. पोरांनी अभ्यास सोडून खेळावे असेही नाही. ‘पेपर्स, प्लीज’ तर मोठ्यांसाठीच आहे. त्यातली काही दृश्ये लहान मुलांना दाखवू नयेत. पण मूल मोबाइल घेऊन बसले तर हिसकावण्याआधी शेजारी बसून पाहा. त्यात पैसा लागतो का? हरल्यावर पुन्हा पैसे भरायला सांगतो का? की डोके खाजवायला लावतो? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल हिसकावा.

आणि मुलीला उत्तर द्यायचे राहिले. होय बाळा, मीसुद्धा. फक्त रात्री दहानंतर नाही. हा नियम तुझ्या आईने मांडला आहे, आणि तो ठोकळा काही मला अजून हलवता आलेला नाही.