उंदीर पाळण्यापूर्वी

सदरमध्ये उंदीर विकत आणावयाचा, ही कल्पना जुन्या पिढीला निव्वळ थट्टेची वाटेल. सिव्हिल लाइन्सला लागून वाढलेल्या या वस्तीत मंगळवारी बाजार आहे, किराण्याची आणि खाण्यापिण्याची दुकाने आहेत. जुन्या घरांच्या आढ्यांत आणि नव्या इमारतींच्या गटारांजवळ उंदरांचे बिनभाड्याचे बिऱ्हाड कायमचेच आहे. येथल्या गृहिणीने आजवर उंदीर घालविण्याचाच विचार केला. तथापि पांढऱ्या, करड्या वा ठिपकेदार पाळीव उंदरांची हौस आता शहरांतून दिसू लागली आहे. घरातील शाळकरी मुलाने 'कुत्रा नाही, तर निदान उंदीर तरी' असा हट्ट धरला, तर दोन खोल्यांत राहणाऱ्या शिक्षकाने वा कारकुनाने त्याला काय सांगावे, हा प्रश्न वाटतो तितका हास्यास्पद नाही. 'शी!' हे त्याचे उत्तर होत नाही. आणि 'उद्याच आणू' हे तर त्याहून घाईचे.

'शी!' म्हणणाऱ्याच्या मागे इतिहास उभा आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढील काही वर्षांत त्याने महाराष्ट्राची गावेच्या गावे ओस पाडली. सावित्रीबाई फुले १८९७ च्या मार्चमध्ये पुण्यात गेल्या, त्या प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच. 'उंदीर पडू लागले' एवढे दोन-तीन शब्द ऐकताच लोक घरांना कुलुपे लावून माळावर झोपड्यांत राहावयास जात. उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग माणसापर्यंत आणते, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत दाखविले. पण त्याच्या कितीतरी आधी सामान्य माणसाने आपल्यापुरते अनुमान काढले होते. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला येथे आणि पाठोपाठ सुरतेत प्लेगची वार्ता उठली, तेव्हा ती जुनी धास्ती एका रात्रीत जागी झाली. अशा समाजाला उंदराची किळस सोडण्याचा उपदेश करणे सोपे, पण उद्धटपणाचे आहे. गणपतीच्या पायाशी बसलेल्या मूषकाला टेकडीच्या देवळात हात जोडावयाचे आणि घरी येऊन पिंजऱ्यात भजे लावावयाचे, यात कोणालाही विसंगती वाटत नाही. आणि खरे म्हणजे ती फारशी नाहीही.

परंतु दुकानात मिळणारा उंदीर आणि आढ्यावरून धावणारा उंदीर हे एक नव्हेत. नागपूरच्या घरांतून फिरतो तो प्रायः काळसर, लांब शेपटीचा, चढण्यात पटाईत असा घरउंदीर. गटाराकाठी बिळे करते ती घूस. पाळला जातो तो तिसराच, जाड अंगाचा तपकिरी उंदीर. त्याच्या पाळीव वंशाची कुळकथाही चमत्कारिक आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा एक उंदीरमाऱ्या होता. पकडलेल्या उंदरांतले वेगळ्या रंगाचे तो मारीत नसे. त्यांची पैदास करून शौकीन स्त्रियांना विकीत असे. १९०१ मध्ये मेरी डग्लस या बाईंच्या पुढाकाराने इंग्लंडातील एका प्रदर्शनात उंदरांना प्रथमच स्थान मिळाले. दुसरी शाखा प्रयोगशाळांत गेली; फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेने १९०६ पासून वाढविलेला पांढरा उंदीर जगभर पसरला. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी उंदीर पाहिला तो टाचण्यांनी फळीवर उताणा खिळलेला. दीडशेहून अधिक वर्षे माणसाच्या हातात वाढलेला हा प्राणी रस्त्यावरच्या उंदराहून तितकाच निराळा झाला आहे, जितका कुत्रा लांडग्याहून.

त्याचे गुण ऐकून तर पुष्कळांना आश्चर्य वाटेल. तो माणूस ओळखतो, हाकेला येतो, तासन्‌तास अंग चाटून स्वच्छ ठेवतो. जाक पांकसेप या शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले की, गुदगुल्या केल्या असता उंदीर एक प्रकारचा आनंदाचा आवाज काढतो. मात्र तो इतका उंच पट्टीतला असतो की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. २०११ मध्ये शिकागो विद्यापीठातील प्रयोगांत कोंडलेल्या सोबत्याला सोडविण्यासाठी उंदरांनी नळीचे दार उघडले. शेजारी चॉकलेट ठेवले असतानाही सोबत्याला मोकळे केले आणि बऱ्याचदा खाऊही वाटून घेतला. मनुष्यजातीत हा गुण सार्वत्रिक आहे, असे कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही.

नेमका हाच गुण पाळणाऱ्याची पहिली अडचण होतो. इतका संगतीचा प्राणी एकटा ठेवणे ही क्रूरता आहे. म्हणजे आणावयाचे तर दोन, आणि तेही एकाच लिंगाचे. कारण नर-मादी एकत्र राहिले तर तीन आठवड्यांत आठ-दहा पिले, आणि ती पिले पाच-सहा आठवड्यांची होताच पुन्हा प्रजोत्पादनास समर्थ. दुकानदाराने 'दोन्ही माद्याच आहेत' असे सांगितले म्हणून विसंबून चालत नाही. शिवाय अरुंद पिंजरा निरुपयोगी. चढउतार करता येईल असा ऐसपैस, बारीक गजांचा हवा. जन्मभर वाढणारे दात झिजविण्यासाठी लाकूड हवे, नाहीतर वायर आणि वह्या आहेतच. रोज निदान तासभर त्यांना पिंजऱ्याबाहेर काढून कोणीतरी सोबत बसावे लागते. सहामाही परीक्षेच्या आठवड्यात तो कोणीतरी कोण असेल, हे हट्ट धरणाऱ्याने आधीच सांगावे.

पण नागपुरात खरा निर्णय मे महिना करतो. उंदराला घाम येत नाही. कुत्र्यासारखे धापा टाकूनही त्याचे भागत नाही. अंगाला लाळ फासणे आणि उघड्या शेपटीतून उष्णता बाहेर टाकणे, एवढेच त्याचे उपाय. विसापासून पंचवीस अंशांपर्यंत तो सुखात असतो. तिशीच्या पुढे त्याला त्रास सुरू होतो. आणि नागपूरचा पारा तर पंचेचाळिशी ओलांडतो! रानउंदीर दुपारी जमिनीखालच्या गारव्यात निघून जातो. पिंजऱ्यातल्याला कोठेही जाता येत नाही. 'कूलर आहे की' असे कोणी म्हणेल. परंतु कूलर दिवसभर चालतो तो घरात माणूस असेल तर. कारकून कचेरीत आणि मुले शाळेत गेली, की काटकसरीच्या घरात तो बंदच होतो, आणि वरच्या मजल्यावरील खोली दुपारी दोन वाजता भट्टी होते. बरे, पिंजरा थेट कूलरच्या ओल्या झोतासमोर ठेवावा, तर उंदराची फुप्फुसे नाजूक; श्वसनाचा एक चिवट जंतुविकार बहुतेक पाळीव उंदरांत दबा धरून असतोच, आणि दमट हवा व मूत्राचा उग्र वास यांनी तो उसळतो. गच्चीखालची खोली असलेल्या घराने हा विचार येथेच सोडावा, हे बरे.

खाण्याचा प्रश्न त्या मानाने सोपा. गहू, ज्वारी, थोडी डाळ, हिरवी भाजी, अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा तुकडा एवढ्यावर त्याचे चालते. तर्रीपोहे मात्र माणसांसाठीच ठेवावेत. नागपूरकराने एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. संत्र्याच्या सालीतील तेलात लिमोनीन नावाचे द्रव्य असते आणि नर उंदराच्या मूत्रपिंडाला त्यापासून अपाय होतो, असे प्रयोगशाळांतून आढळले आहे. त्याचे कारण नर उंदराच्याच शरीरात असणारे एक विशिष्ट प्रथिन. माणसांना ती भीती नाही. तेव्हा गावाची शान म्हणून संत्र्याची साल पिंजऱ्यात टाकू नये.

सदरसारख्या वस्तीत आणखी एक पेच आहे, आणि हौशी पुस्तकांत त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. पिंजऱ्यातील दाण्याच्या वासाने बाहेरचे उंदीर आत येतात. त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू आणि अंगावरून पिसवा पाळीव उंदरापर्यंत, आणि त्याच्यामार्फत मुलांपर्यंत पोहोचू शकतात. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने लेप्टोचा कहर पाहिलाच आहे. पाळीव उंदीरही निव्वळ निर्दोष नसतात: २०१७ मध्ये अमेरिका व कॅनडात घरगुती पैदास केलेल्या उंदरांपासून सोल विषाणूची लागण माणसांना झाली. चावा वा ओरखडा यांतून होणारा उंदीरदंशाचा ताप दुर्मीळ खरा. पण चावल्यानंतर ताप आलाच, तर डॉक्टरांना घरी उंदीर असल्याचे लाजेने न लपविता सांगावे. उलट, बाहेरच्या उंदरांसाठी शेजाऱ्याने जिन्याखाली ठेवलेली विषारी वडी घरच्या उंदराला ओळखू येत नाही. एकाच जिन्यावर एक बिऱ्हाड उंदीर मारते आणि दुसरे वाढविते, तेव्हा दोघांनी एकमेकांशी बोलणे अगत्याचे. घरमालकाशी तर आधीच. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताने हा पेच एका घावात सोडविला: १९५० पासून उंदीरमुक्तीची मोहीम चालविणाऱ्या त्या प्रांतात पाळीव उंदीर ठेवणेही बेकायदा आहे. भारतात तशी बंदी नाही; मात्र २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीचा कागद दुकानात पाहावयास मागण्यात काही गैर नाही.

राहता राहिले आयुष्य. तो जगतो दोन-तीन वर्षे. माद्यांना स्तनांच्या गाठी वारंवार होतात. शस्त्रक्रियेचा खर्च उंदराच्या किमतीच्या अनेक पटींनी येतो, आणि 'एवढ्याशा उंदरासाठी' हे शब्द घरात तेव्हा प्रथम उच्चारले जातात. नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, २००० पासून पशुविज्ञान विद्यापीठही आहे. तरी कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारा प्रत्येक डॉक्टर उंदराला भूल देण्यास राजी होईलच असे नाही. ही चौकशी उंदीर आणण्यापूर्वी करावी. पाचवीत आणलेला उंदीर मूल आठवीत जाण्यापूर्वी मरतो. बाराव्या वर्षी मुलाने मृत्यू इतक्या जवळून पाहावा की नाही, याचे उत्तर प्रत्येक घराचे वेगळे. पण ते आईबापांनी आधी आपसांत ठरविलेले असावे.

हे सारे वाचून, तळमजल्याची वा उत्तरेकडची थंड खोली, दिवसा घरी असणारे एखादे वडील माणूस, आणि दोन माद्यांचा खर्च सोसण्याची तयारी, एवढे ज्या घरात असेल, त्याने खुशाल पाळावेत. कुत्र्याच्या निम्म्या जागेत त्याच्याइतकी माया मिळेल. सदरमधील बहुसंख्य दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत मात्र उत्तर 'नाही' असेच येईल, आणि तो दोष उंदराचा नव्हे. अर्ध्यावर कंटाळा आला म्हणून सेमिनरी हिल्सच्या झाडीत नेऊन सोडणे, हा तर पर्यायच नव्हे. उजेडात डोळे दिपणारा तो पांढरा, माणसाळलेला जीव संध्याकाळपर्यंत कावळ्याच्या वा मांजराच्या तोंडी गेलेला असेल. उन्हाळी सुटीत घर पंधरा दिवसांसाठी गावी निघाले, म्हणजे किल्लीबरोबर दोन उंदीर सांभाळावयास घेणारा शेजारी आपल्या जिन्यावर आहे काय, एवढे तरी मुलाने स्वतः दार ठोठावून विचारून यावे.